हान्सेल, ग्रेटेल आणि गाळलेली भूक

काम असं आहे: ‘हान्सेल आणि ग्रेटेल’ ही ग्रिम बंधूंची परीकथा सात ते नऊ वर्षांच्या मुलांना स्वतः वाचता येईल अशा मराठीत पुन्हा सांगायची. पुस्तक ३२ पानांचं, पानोपानी चित्रं, मजकूर ९०० शब्दांच्या आसपास. नमुना म्हणून घेतलेला पहिला मसुदा व्याकरणाने स्वच्छ आहे, भाषा गोड आहे. तरी तो वाचून संपला की हाती काही लागत नाही. मुलाला दुसऱ्या दिवशी ‘सांग बरं कालची गोष्ट’ म्हटलं, तर केकचं घर आठवतं आणि बाकी सगळं विरघळून गेलेलं असतं.

मसुद्यातली गोष्ट थोडक्यात अशी. दोन भावंडं जंगलात फळं वेचायला जातात. हान्सेल खेळता खेळता वाटेवर पांढरे खडे टाकतो, त्यामुळे ती घरी परततात. पुढच्या वेळी तो पावाचा चुरा टाकतो, पाखरं तो खातात, मुलं वाट चुकतात. खाऊचं घर दिसतं. चेटकीण त्यांना पकडते. एके दिवशी ती भट्टीत पडते. मुलं पळून घरी येतात, आईबाबा त्यांना कुशीत घेतात. शेवटी एक ओळ: अनोळखी माणसांनी दिलेला खाऊ कधी खाऊ नये.

या बदलांमागची कळकळ खोटी नाही. मुलांना आईबापांनीच जंगलात सोडलं हे वाचून लहान वाचक हादरेल, त्याला रात्री झोप लागणार नाही, या काळजीने ते गाळलं आहे. पण गाळलं काय आणि त्याबरोबर कोसळलं काय, हे एकेक कडी धरून पाहावं लागतं.

कड्या कशा तुटल्या

मूळ गोष्ट दुष्काळात सुरू होते. घरात खायला नाही, म्हणून मुलांना जंगलात सोडायचं ठरतं. मुलं भुकेमुळे जागी असतात, म्हणून ते बोलणं त्यांच्या कानावर पडतं. ते ऐकलं म्हणून हान्सेल रात्री दाराबाहेर जाऊन चांदण्यात चमकणारे पांढरे खडे खिशात भरतो. म्हणजे खडे ही योजना आहे. कुणीतरी आपल्याला हरवू पाहतंय हे कळलेल्या मुलाने आखलेली योजना. मसुद्यात हान्सेलला काहीच माहीत नाही, तेव्हा तो खडे का टाकतो? ‘खेळता खेळता’ हा शब्दप्रयोग तिथे कारण सापडलं नाही म्हणून आला आहे. पुनर्कथनात ‘सहज’, ‘एकदा’, ‘खेळता खेळता’ असे शब्द दिसले की तिथे थांबून पाहावं. बहुतेक वेळा त्यांच्याखाली एखादं उखडलेलं कारण असतं.

पुढची कडी चुऱ्याची. दुसऱ्या वेळी हान्सेल खड्यांऐवजी चुरा टाकतो, कारण त्या रात्री आई दाराला कुलूप घालते आणि त्याला बाहेर पडता येत नाही. स्वतःच्या वाट्याचा पाव तो न खाता वाटेवर टाकतो. उपाशी मुलाने आपला घास जमिनीवर टाकणं ही या गोष्टीतली सगळ्यात मोठी किंमत आहे, आणि ती पाखरं खाऊन टाकतात. पोट भरलेल्या मुलाने पाव कुस्करून टाकला तर त्यात किंमत कसली?

मग घर. ग्रिमकडे ते पावाचं आहे, छप्पर केकचं आणि खिडक्या साखरेच्या. दोन रात्री जंगलात काढलेल्या, भुकेने पाय लटपटणाऱ्या मुलांसमोर ते घर उभं राहतं. हान्सेल छप्पर तोडतो, ग्रेटेल खिडकीला लागते. हे पोटाचं उत्तर आहे. भूक गाळली की तेच दृश्य दुसऱ्याच्या घराची नासधूस होऊन बसतं. मग मसुद्याला शेवटी मुलांना दटावणारा उपदेश जोडावा लागतो, आणि दोष येतो मुलांच्याच माथी. गोष्टीने ज्यांच्याबद्दल माया वाटायला लावायची, त्यांनाच मसुद्याने हावरट ठरवलं. उपदेशाची ओळ वाईट म्हणून मसुदा फसला असं नाही. मधलं कारण गेलं, म्हणून ती ओळ हवीशी वाटली.

हान्सेलला कोंडून, खाऊ घालून लठ्ठ करायचं आणि मग खायचं, हा चेटकिणीचा बेतही भुकेवरच उभा आहे. घरी खायला मिळत नव्हतं म्हणून मरायची पाळी आली होती. इथे हान्सेलला रोज उत्तम खायला मिळतं, आणि मरण आहे ते त्या खाण्यातच. भूक सुरुवातीला असेल तरच हा उलटा फेरा वाचकाच्या अंगावर येतो.

तेव्हा पहिला निर्णय: दुष्काळ, ऐकलेलं बोलणं आणि जंगलात सोडणं परत आणायचं. यात तडजोड नाही.

आई की सावत्र आई

ग्रिम बंधूंच्या १८१२च्या पहिल्या आवृत्तीत मुलांना सोडायचं सुचवते ती सख्खी आई आहे. १८४०च्या आवृत्तीत ती सावत्र झाली आणि १८५७च्या सातव्या, म्हणजे आज सगळीकडे प्रमाण मानल्या जाणाऱ्या आवृत्तीतही तशीच राहिली. म्हणजे मुलांसाठी गोष्ट मऊ करण्याचा खटाटोप खुद्द ग्रिमांच्या घरात सुरू झाला होता. आपल्याला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत.

‘सावत्र’ हा शब्द घेतला की वाचकाला चटकन दिलासा मिळतो: असं सख्खी आई करत नाही. पण तो दिलासा सावत्र आई असलेल्या मुलाच्या खर्चाने मिळतो. शिवाय दोष एका प्रकारच्या बाईवर जातो आणि दुष्काळ पडद्याआड होतो. या प्रकरणात ‘आई’ ठेवणं जास्त योग्य, मात्र एका अटीवर. पहिल्याच पानावर आईबाबाही तितकेच उपाशी दिसले पाहिजेत.

आईचं एक वाक्य मात्र जसंच्या तसं राखायचं. मूळ कथेत ती पहाटे मुलांना आळशी म्हणून उठवते, आणि पुढे चेटकीण ग्रेटेलला जवळजवळ त्याच शब्दांत उठवते. संक्षेप करताना हे हमखास गळतं, कारण दोन्ही जागी ते वाक्य किरकोळ वाटतं. मराठीत पहिल्या जागी ‘उठा, आळशी कुठले!’ आणि दुसऱ्या जागी ‘ऊठ, आळशी कुठली!’ एवढं पुरे. त्यावर भाष्य नको. आठ वर्षांचं मूल ते ऐकून दचकतं आणि का दचकलो ते त्याला सांगता येत नाही. त्याला सांगायला लावूही नये.

भीती कुठे कमी करायची

भीती कमी करायचीच नाही असं नाही. पण घटना काढून ती कमी होत नाही, वर सांगितलेली पडझड होते. हात फिरवायचा तो लांबीवर आणि नजरेवर. ‘तुला खाणार’ ही धमकी मसुद्यात तीनदा आहे. ती एकदाच ठेवावी. हान्सेलला कोंडलं की भावंडं एकमेकांच्या आवाजाच्या टप्प्यात राहिली पाहिजेत. पूर्ण ताटातूट लहान वाचकाला धमकीपेक्षा जास्त जड जाते. आणि चेटकिणीचं कुबड, काठी, सुरकुत्या असलं वर्णन पूर्ण काढावं. म्हातारपण म्हणजे दुष्टपणा, अशी खूणगाठ मुलाच्या मनात कशाला बांधायची?

एक शारीरिक तपशील मात्र कथेला लागतो: चेटकिणीला लांबचं दिसत नाही, वास मात्र जनावरासारखा येतो. तो लठ्ठ झाला का हे ती बोट चाचपून पाहते, तेव्हा हान्सेल बोटाऐवजी हाड पुढे करतो ती युक्ती यावर उभी आहे. पहिल्या मसुद्यात हे आधी सांगितलेलंच नाही, म्हणून चेटकीण मूर्ख वाटते, आणि मूर्ख शत्रूवर मिळवलेल्या विजयाची मुलांना फारशी मातब्बरी नसते. ‘तिला नीट दिसत नसे. वास मात्र लगेच येई.’ ही आठ शब्दांची पेरणी हाडाच्या निदान दोन जोडपानं (जोडपान म्हणजे समोरासमोरची दोन पानं) आधी व्हायला हवी. अगदी आदल्या ओळीत केली तर ठिगळ दिसतं.

आता भट्टी. मसुद्यातलं वाक्य आहे: ‘तेवढ्यात तोल जाऊन चेटकीण भट्टीत पडली.’ ग्रेटेलच्या हातून हिंसा नको म्हणून अपघात घडवला आहे. पण गोष्टीच्या पूर्वार्धात ग्रेटेल रडते आणि हान्सेल तिला धीर देतो. उत्तरार्धात हान्सेल कोंडलेला आहे आणि ग्रेटेलला स्वतः काहीतरी करायचं आहे. तिचं सगळं मोठं होणं त्या एका ढकलण्यात आहे. अपघाताने ते तिच्याकडून काढून घेतलं. मूळ कथेत ती आधी युक्तीही लढवते: आत कसं शिरायचं ते कळत नाही असं म्हणते, मग चेटकीण दाखवायला स्वतः डोकं आत घालते. दुरुस्त मसुद्यात हा प्रसंग असा येतो:

‘आत कशी जाऊ? मला नाही कळत,’ ग्रेटेल म्हणाली.
‘एवढंही कळत नाही? अशी!’ चेटकीण वाकली.
ग्रेटेलने दोन्ही हातांनी ढकललं.
लोखंडी दार लावलं. कडी घातली.

इथे पान उलटतं. किंकाळी नाही, जळणं नाही. चित्रकाराला सूचना: चित्रात फक्त ग्रेटेलचे हात आणि कडी. उलटलेल्या पानावरचं पहिलं वाक्य: ‘मग तिने धावत जाऊन दुसरी कडी काढली.’ ही हान्सेलच्या कोठडीची. आईने कुलूप घातलेलं घराचं दार, भट्टीची कडी, कोठडीची कडी अशी तीन दारं मूळ कथेतच आहेत. पुनर्कथन करणाऱ्याने त्यासाठी ‘कडी’ हा एकच शब्द तिन्ही जागी वापरायचा. घरच्या दारालाही ‘कुलूप’ऐवजी ‘वरची कडी’ म्हटलं की हान्सेलचा हात तिथे पोचत नाही हेही आपोआप कळतं.

वाक्य आणि अक्षर

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. वाचायला नुकतं शिकलेलं मूल क्रियापदापर्यंत पोचेपर्यंत आधीचं सगळं डोक्यात धरून ठेवतं. दुष्काळ परत आणताना आधी लिहिलेलं हे वाक्य पाहा: ‘दुष्काळामुळे घरात अन्नाचा कणही न उरलेल्या त्या गरीब लाकूडतोड्याने आपल्या बायकोच्या सततच्या आग्रहापुढे मान तुकवून मुलांना जंगलात नेऊन सोडण्याचा कठोर निर्णय घेतला.’ बावीस शब्द, आणि क्रियापद बावीसावं. मूल ‘आग्रहापुढे’पाशी कर्ता विसरलेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे यात दिसण्यासारखं काहीच नाही. हा गोष्टीचा सारांश झाला.

दुरुस्ती अशी:

‘घरात एकच पाव उरला होता. आईने तो हातात तोलून पाहिला. “चौघांना पुरणार नाही,” ती म्हणाली. “उद्या मुलांना जंगलात सोडून येऊ.” बाबा काहीच बोलले नाहीत. भिंतीपलीकडे दोन्ही मुलं जागी होती. भुकेने झोप येत नव्हती.’

शब्द तेहेतीस झाले, म्हणजे वाढले. पण एकही वाक्य पाच शब्दांपलीकडे नाही. ‘गरीब’, ‘कठोर’, ‘आग्रह’ गेले आणि त्यांच्या जागी हातात तोललेला पाव आला. बाबांचं गप्प राहणंही एका वाक्यात आलं, त्यांना बरं किंवा वाईट न ठरवता. सगळं पुस्तक पाच शब्दांच्या वाक्यांत लिहिलं तर मात्र वाचन ठेचकाळतं. दर चार-पाच वाक्यांनंतर एक नऊ-दहा शब्दांचं सरळ वाक्य असू द्यावं, ‘आणि’ने जोडलेलं, ‘ज्याने-त्याने’, ‘नेऊन-सोडून-ठेवून’च्या साखळीचं नको.

जोडाक्षरांचा हिशेब वेगळा करावा. ‘दुष्काळ’ ठेवायचा तर एकदाच आणि चित्राच्या आधाराने. एरवी ‘भूक’ हाच शब्द पुरतो आणि जास्त लागतो. ‘चेटकीण’मध्ये जोडाक्षर नाही. ‘हान्सेल’ आणि ‘ग्रेटेल’मध्ये आहे, पण नावं वारंवार येत असल्याने मूल ती अक्षर न लावता चित्रासारखी ओळखायला लागतं. म्हणून नावांऐवजी ‘तो’, ‘ती’ची कंजुषी करायला नको. सर्वनामांनी उलट गोंधळ होतो, विशेषतः आई, चेटकीण आणि ग्रेटेल अशा तिघींना ‘ती’च लागत असताना.

‘केलं’ की ‘केले’, ‘हाताने’ की ‘हातानं’ हे पहिल्या पानाआधी ठरवून शेवटपर्यंत पाळावं. नवशिका वाचक एकाच शब्दाची दोन रूपं दिसली की त्यांना दोन शब्द समजतो.

घर कुरतडताना आतून जो आवाज येतो, तो मूळ जर्मनमध्ये यमकात आहे. त्याचं गद्य करू नये, आणि अर्थाला चिकटूनही बसू नये. चाल महत्त्वाची. एक प्रयत्न असा होता: ‘कुटुम कुटुम खातंय कोण, घराचा माझ्या मोडतंय कोन?’ तोंडाने म्हणायला बरं आहे, पण ‘कोण’ आणि ‘कोन’ एकाखाली एक छापले की ज्या मुलांचा ण-न अजून पक्का नाही ती तिथेच अडतात. दुसरा प्रयत्न:

‘कुटुकुटु, कुरुकुरु, कोण गं बाई?
घर माझं खायची एवढी का घाई?’

आणि मुलांचं उत्तर: ‘वारा गं वारा, दुसरं कुणी नाही.’ हे टिकलं. जोडाक्षर एकही नाही, आणि दुसऱ्या वाचनाला मूल उत्तर स्वतःहून म्हणतं.

पानं आणि काटछाट

३२ पानांतली चार मुखपृष्ठाच्या आतली, शीर्षकाची आणि प्रकाशनाच्या तपशिलाची धरली की २८ उरतात, म्हणजे १४ जोडपानं. जोडपानाला सरासरी ६५ शब्द धरले तर ९१०. वाटणी सारखी नको. भूक आणि ऐकलेलं बोलणं यांना दोन, खडे आणि पहिलं परतणं दोन, बंद दार, चुरा आणि जंगल दोन, खाऊचं घर दोन, चेटकीण, कोठडी आणि हाड तीन, भट्टी एक, सुटका आणि बदक एक, घर एक. खाऊच्या घराचं पहिलं जोडपान बिनशब्दांचं ठेवावं. तिथे वाचलेले शब्द खड्यांच्या पानांना लागतात.

शब्द कमी करायचे म्हणून जंगलाच्या दोन फेऱ्यांची एक करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. ते करू नये. खडे टिकतात, चुरा टिकत नाही, हा फरक दोन फेऱ्यांशिवाय उरत नाही. कापायचंच तर हान्सेल मागे वळून पाहण्यासाठी मांजराचं आणि कबुतराचं निमित्त सांगतो ते कापावं. वाऱ्याने झाडावर आपटणारी फांदी, जिचा आवाज मुलांना बाबांच्या कुऱ्हाडीचा वाटतो, ती जमली तर ठेवावी; वीस शब्दांत बसत नसेल तर जाऊ द्यावी. चेटकिणीच्या घरातले मोती आणि रत्नं एका वाक्यात येतात, पण लागतात. त्यांच्याशिवाय घरी परतल्यावर भूक तशीच असते.

बदक मात्र कुणी कापू नये. परतीच्या वाटेवर पाणी आडवं येतं, पूल नाही, होडी नाही, एक पांढरं बदक आहे. हान्सेल बहिणीला आपल्याबरोबरच बसायला सांगतो. ग्रेटेल नको म्हणते, कारण दोघांचं ओझं त्या बदकाला झेपणार नाही, एकेकाने जाऊ. काल ज्या मुलीला कुणी वाचवलं नाही, ती आज बदकाच्या पाठीचा विचार करते. तीसेक शब्दांचं काम आहे. येताना हे पाणी का लागलं नव्हतं, याचं स्पष्टीकरण देऊ नये; मूळ कथेतही ते नाही.

एक भर मात्र पुनर्कथनाची स्वतःची आहे. पूर्वार्धात हान्सेल बहिणीला दोनदा म्हणतो, ‘रडू नको, मी आहे ना.’ कोठडीबाहेरून तेच वाक्य ग्रेटेलने त्याला एकदा म्हणायचं. चौथ्यांदा कुणीच नाही.

हक्कांबद्दल एवढंच: ग्रिमांची जर्मन संहिता सर्वांना मोकळी आहे, मार्गारेट हंट यांचं १८८४चं इंग्रजी भाषांतरही. अलीकडच्या भाषांतरांवर आणि रूपांतरांवर मात्र ती करणाऱ्यांचा हक्क असतो, आणि त्यांनी घातलेला एखादा नवा तपशील मूळचा समजून उचलला जाण्याची शक्यता मोठी असते. म्हणून प्रत्येक प्रसंग १८५७च्या आवृत्तीशी ताडून घ्यावा.

पारख

पाच-सहा मुलांना, एकेकट्याने, मोठ्याने वाचायला द्यावं आणि शेजारी बसून फक्त तीन खुणा कराव्यात: कुठे अडलं, कुठे मागच्या ओळीवर गेलं, कुठे वर पाहिलं. अडलं तिथे अक्षराचा प्रश्न असतो. मागे गेलं तिथे वाक्य लांबलेलं असतं किंवा ‘ती’ कोण ते कळलेलं नसतं. वर पाहिलं ती जागा आपली. तिथल्या शब्दांना हात लावू नये. ‘आवडली का’ हा प्रश्न विचारू नये, त्याचं उत्तर मुलं मोठ्यांना बरं वाटेल असंच देतात. दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला लावावी. सांगताना मुलाने ‘म्हणून’ किती वेळा वापरलं ते मोजावं. पहिल्या मसुद्यावरून सांगताना ‘मग... मग... मग’ ऐकू येतं. कड्या पुन्हा जोडल्या की ‘म्हणून त्याने खडे घेतले’, ‘म्हणून त्याला बाहेर जाता आलं नाही’ असं येऊ लागतं.

बाबांनी असं का केलं, हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर पुस्तकात छापू नये, पण मूळ कथेत बाबांना मुलं सोडल्यापासून सुखाचा क्षण नव्हता, ते एका वाक्यात शेवटच्या जोडपानावर यावं. आई तोवर राहिलेली नाही, तेही तितकंच साधं. पुढे पाव टेबलावर, तीन तुकडे, आणि शेवटची ओळ: ‘त्या रात्री दाराला वरची कडी कुणी लावली नाही.’ चित्रात दार किंचित उघडं, उंबऱ्यावर चांदणं आणि एक पांढरा खडा.